घरावर सोलर बसवायचंय : पैसे कुठून आणायचे, कुणाला आणि कधी द्यायचे

अमरावतीच्या आमच्या घरावर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं तेव्हा आईबाबांच्या वतीने सगळी पैशांची धावपळ मी केली, कारण मी पुण्यात असले तरी फोन, बँक आणि पोर्टल हे माझ्याकडेच होतं. त्यानंतर मामा, शेजारचे काकाजी, ऑफिसातल्या दोघी, सगळ्यांनी तेच तेच प्रश्न विचारले म्हणून एकदा नीट लिहून ठेवतेय. पॅनल कुठल्या कंपनीचं चांगलं वगैरे यात नाही. यात फक्त पैसा आहे, कारण लोक फसतात ते पॅनलमध्ये कमी आणि पैसे देण्याच्या क्रमात जास्त, हे मी आता तीन-चार घरं बघून खात्रीने सांगू शकते.

आधी सबसिडीचं गणित डोक्यात पक्कं करा. पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना २०२४ च्या फेब्रुवारीत आली आणि ती २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंतची आहे. पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,०००, म्हणजे १ ला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ ला ७८ हजार, आणि त्याच्यापुढे तुम्ही ५ लावा नाहीतर १० लावा, ७८ हजारच. राज्य सरकारची दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिन्याला १०० युनिटच्या आत वापर असलेल्या ग्राहकांसाठी १ किलोवॅटवर वेगळी जादा मदत आहे, तुमचं घर त्यात बसत असेल तर महावितरणच्या ऑफिसात जाऊन नक्की विचारा, लाजू नका. सबसिडी फक्त घरगुती मीटरला. पुढच्या खोलीत दुकान असेल आणि मीटर कमर्शियल असेल तर त्या मीटरवर नाही मिळत.

आणि ही सबसिडी आधी मिळत नाही. हे मी दहा वेळा सांगते तरी लोक विसरतात. आधी सगळे पैसे तुम्ही भरायचे (तुमचे किंवा बँकेचे), सिस्टीम बसणार, नेट मीटर (महावितरणकडून घेतलेली आणि तुम्ही त्यांना दिलेली वीज, दोन्ही मोजणारं मीटर) लागणार, तपासणी होणार, मग तुम्ही योजनेच्या सरकारी पोर्टलवर खातं नंबर आणि कॅन्सल चेक टाकणार, आणि मग ती तुमच्या खात्यात थेट येणार. आम्हाला मीटर लागल्यावर महिन्याभरात आली. म्हणजे "७८ हजार तर सरकार देतंय, मला फक्त वरचे बघायचेत" असं धरून चालू नका, मधल्या काळासाठी पूर्ण रकमेची सोय लागते.

आता सगळ्यात पहिलं काम, आणि हे पैशाचं वाटणार नाही पण पैशाचंच आहे. वीजबिल कुणाच्या नावावर आहे ते बघा. आमचं आजोबांच्या नावावर होतं, ते जाऊन कितीतरी वर्षं झाली, बिल येतंय, भरतोय, कुणाला कधी बदलावंसं वाटलं नाही. आपल्याकडे निम्म्या जुन्या घरांची हीच गत असेल. पण अर्ज बिलावरच्या नावाने होतो, कर्ज त्याच नावाने, सबसिडी त्याच नावाच्या खात्यात. आजोबांच्या नावाने कोण बँकेत जाणार! मग मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती, काका आणि आत्याची ना-हरकत, असं सगळं जमवून बाबांच्या नावावर करून घेतलं आणि त्यात दीड-दोन महिने गेले. तेव्हा सोलरचा विचार मनात आला त्या दिवशीच नाव बदलायला टाका, कोटेशन नंतर मागवा. आधार, बिल, बँक पासबुक या तिन्हींवरचं स्पेलिंग पण एकसारखं करून घ्या, "राव" एकीकडे आहे आणि एकीकडे नाही एवढ्यावरून फाइल अडकते. मागची थकबाकी असेल तर ती पण आधीच भरून टाका.

किती किलोवॅट घ्यायचं हे विक्रेत्याला ठरवू देऊ नका. बारा महिन्यांची बिलं काढा, महावितरणच्या ॲपवर जुनी मिळतात, आणि युनिटची बेरीज करा, रुपयांची नको. आपल्याकडे १ किलोवॅटमधून दिवसाला सरासरी ४ युनिट धरा, म्हणजे महिन्याला १२० च्या आसपास, पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. आमचा महिन्याचा सरासरी वापर ३४० युनिट होता, थंडीत २३० आणि कूलर चालू झाले की ५०० च्या वर. विक्रेता म्हणाला ५ किलोवॅट घ्या, नंतर टेन्शन नको.

इथे जरा थांबून समजून घ्या कारण सगळी बचत इथेच ठरते. महावितरणचे घरगुती दर टप्प्याने आहेत, ० ते १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० चांगलेच महाग, ३०१ ते ५०० अजून महाग, त्याच्यावर सगळ्यात महाग. सोलर तुमच्या वापरातून युनिट वजा करतं ते वरून. म्हणजे आधी सगळ्यात महाग युनिट जातात, मग मधले, आणि स्वस्त १०० सगळ्यात शेवटी. आमच्या ३४० मधून २ किलोवॅटने २४० गेले असते तर उरले असते बरोबर १००, ते पण सगळ्यात स्वस्त दराचे. म्हणजे तिसरा किलोवॅट जवळजवळ त्या स्वस्त १०० युनिटसाठीच घ्यायचा, आणि त्याला सबसिडी पण ३० नाही, १८ हजारच. आम्ही ३ घेतलं कारण बाबांच्या खोलीत एसी लावायचं पक्कं झालं होतं. तो नसता तर मी २ वरच थांबले असते. ज्यांचं महिन्याचं बिलच १०० युनिटच्या आत आहे त्यांना राज्याची जादा मदत मिळत असेल तर ठीक, नाहीतर पैसे वसूल व्हायला बरीच वर्षं लागतील, त्यांनी घाई करू नये असं माझं मत आहे.

जास्तीचं तयार झालं तर ते विकून पैसे मिळतील या आशेवरही मोठी सिस्टीम घेऊ नका. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होत जातात ते ३१ मार्चपर्यंत. ३१ मार्चला जे शिल्लक राहतात त्याचे पैसे महावितरण, वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने, बिलात जमा करतं आणि तो दर तुम्ही बिलात भरता त्याच्यापेक्षा खूपच कमी असतो. आता विदर्भातल्या माणसाने हे नीट बघावं, आपलं जास्तीचं युनिट साठतं ते डिसेंबर ते मार्चमध्ये, आणि कूलर-एसी लागतात एप्रिल-मेमध्ये, आणि बरोबर मध्ये ३१ मार्च येऊन खातं कोरं करून जातो. थंडीतली शिल्लक उन्हाळ्याला पुरत नाही. म्हणून वर्षाच्या वापराइतकं किंवा थोडं कमीच घ्या.

मंजूर भाराची (तुमच्या मीटरला किती किलोवॅट मंजूर आहेत, बिलावर लिहिलेलं असतं) काळजी मात्र फार करू नका. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला वेगळी तांत्रिक तपासणी न करता मंजुरी धरली जाते आणि गरज पडली तर भार वाढवून मिळतो. फक्त भार वाढला तर स्थिर आकारावर काय फरक पडेल ते विचारून घ्या.

आता कोटेशन. किमान तीन मागवा, पोर्टलवर नोंदणी असलेल्यांकडूनच, आणि तोंडी नको, कागदावर. आम्हाला ३ किलोवॅटचे १ लाख ७५ हजारांपासून २ लाख २० हजारांपर्यंत आले आणि आम्ही १ लाख ९५ हजारवाला घेतला. सगळ्यात स्वस्तवाल्याने स्ट्रक्चर पातळ धरलं होतं. आणि स्ट्रक्चर हा छुपा खर्च आहे, बरं का. गच्चीला टेकून लावलं तर स्वस्त, पण मग उन्हाळ्यात कुरडया, पापड, सांडगे कुठे घालणार आणि रात्री गच्चीवर झोपायला जागा कुठे राहणार, म्हणून आपल्याकडे लोक आठ-नऊ फूट उंच स्ट्रक्चर मागतात आणि त्याचे वेगळे पैसे लागतात, त्याच्यावर सबसिडी वाढत नाही. आईने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की गच्ची जाता कामा नये, त्यामुळे आम्ही ते सुरुवातीलाच किमतीत धरलं. तुम्हीही आधीच ठरवा, अर्ध्या कामात "मॅडम, उंच पाहिजे तर वीस हजार अजून" असं ऐकायला लागू नये.

कोटेशनमध्ये अजून काय बघायचं तर पॅनल डीसीआर आहेत असं लिहिलेलं पाहिजे, म्हणजे सेलपासून भारतात बनलेले, कारण सबसिडी फक्त त्यालाच आहे. नॉन-डीसीआर स्वस्त पडतं, ते दाखवून कोटेशन खाली आणतात आणि मग सबसिडीच अडकते. मीटरचा खर्च वेगळा लावला असेल तर तो नेमका कशाचा ते विचारा. पाच वर्षांची देखभाल विक्रेत्यावर योजनेतच बंधनकारक आहे, तिचे वेगळे पैसे देऊ नका. आणि जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या मालावर १२ चे ५ टक्के झाले. माल आणि बसवणं एकाच कंत्राटात असलं की किमतीचा ७० टक्के भाग माल आणि ३० टक्के सेवा धरतात, सेवेवर १८ टक्के, त्यामुळे मिळून आधी १३.८ टक्के पडायचे ते आता ८.९ पडतात. जुनं कोटेशन तसंच पुढे सरकवत असतील तर पावणेदोन-दोन लाखांच्या कामावर आठेक हजारांचा फरक आहे, सोडू नका.

बॅटरीबद्दल एकच. साधं ऑन-ग्रिड सोलर, म्हणजे बॅटरीशिवाय महावितरणच्या लाइनला जोडलेलं, लाइट गेली की बंद पडतं, ऊन असलं तरी, कारण तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. लाइट गेल्यावरही पंखा हवा असेल तर हायब्रिड आणि बॅटरी लागते, खर्च बराच वाढतो आणि सबसिडी तेवढीच राहते. आमच्याकडे जुना इन्व्हर्टर-बॅटरी होताच, तोच ठेवला.

आता पैसे कुठून आणायचे. रोख असतील तर उत्तम, पण म्हाताऱ्या माणसांची एफडी मोडू नका. त्यापेक्षा एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, बँका साधारण एफडीच्या व्याजापेक्षा एक टक्का वर लावतात, आणि सबसिडी आली की ती त्यात भरून टाकायची. मधल्या दोन-तीन महिन्यांसाठी याच्याइतकं स्वस्त काही नाही.

कर्ज घ्यायचं तर आधी सरकारी बँकेचं सूर्यघरचं कर्जच बघा. ३ किलोवॅटपर्यंत २ लाखांपर्यंत विनातारण मिळतं, १० वर्षांपर्यंत मुदत, १० टक्के आपले घालायचे, आणि व्याज रिझर्व्ह बँकेच्या रेपो रेटला जोडलेलं म्हणून सहा-सात टक्क्यांच्या आसपास, पर्सनल लोनच्या जवळपास निम्मं. अर्ज जनसमर्थ पोर्टलवरून होतो. शाखेतल्या माणसाला कधी कधी ही योजनाच माहीत नसते आणि तो पर्सनल लोनचा फॉर्म काढतो, तेव्हा योजनेचं नाव घेऊन मागा, पर्सनल लोनवर सही करू नका. आमच्याकडे पहिल्या शाखेत असंच झालं, मी फोनवरून बाबांना सांगितलं की कागद घेऊन उठून या, दुसऱ्या शाखेत आठ दिवसांत झालं.

आमचं गणित लिहिते, तुम्ही आकडे बदलून घ्या. किंमत १,९५,०००, आपले २०,०००, कर्ज १,७५,०००, व्याज ६.५ टक्के धरलं आणि मुदत १० वर्षं, तर हप्ता साधारण १,९८७ येतो. आमचं बिल आधी सरासरी साडेतीन-चार हजार यायचं, म्हणजे हप्ता पहिल्या दिवसापासून बिलाच्या बचतीतूनच निघतो. मग ७८ हजार आले की ते खर्च करायचे नाहीत, कर्जखात्यात भरायचे, आणि बँकेला स्पष्ट लिहून द्यायचं की हप्ता तेवढाच ठेवा, मुदत कमी करा. मग ९७ हजारांचं कर्ज त्याच १,९८७ च्या हप्त्याने पाच वर्षांच्या आतच संपतं. हप्ता कमी करून घेतला तर तो ११०० पर्यंत खाली येतो, बरं वाटतं, पण दहा वर्षं चालतो आणि व्याज दुपटीहून जास्त जातं. ज्या घरात महिन्याची खरंच ओढाताण आहे त्यांनी कमी हप्ता घ्यावा, त्यात काही चूक नाही, पण बाकीच्यांनी मुदतच कमी करावी.

विक्रेताच जे कर्ज देतो, "दहा मिनिटांत मंजूर, शून्य डाउन पेमेंट", त्यात व्याज फ्लॅट आहे (म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर) का घटत्या शिल्लकेवर ते विचारा. फ्लॅट ९ टक्के ऐकायला गोड लागतं पण पाच वर्षांच्या कर्जात ते घटत्या शिल्लकेच्या साडेपंधरा टक्क्यांच्या वर पडतं. नो कॉस्ट ईएमआय असेल तर रोखीची किंमत वेगळी विचारा, फरक असेल तेच व्याज. पतसंस्थेचं कर्ज पटकन मिळतं, ओळखीचे लोक असतात हे मान्य, पण दर बघा आणि बँकेने नाकारलं तरच जा. क्रेडिट कार्डवर हे करूच नका.

आता देण्याचा क्रम. एका विक्रेत्याने आमच्याकडे ऑर्डरच्या वेळीच ८० टक्के मागितले होते, पॅनलचे भाव वाढतायत असं सांगून. आम्ही त्याला सोडलं. ओळखीच्या एका घरी तसे पैसे गेले आणि माल चार महिने आला नाही. माझ्या मते असं वाटून घ्या : ऑर्डरला १० ते २० टक्के, माल घरी उतरून पॅनलचे सीरियल नंबर आणि डीसीआर कागदाशी जुळवून झाल्यावर मोठा हिस्सा, बसवून वायरिंग-अर्थिंग पूर्ण झाल्यावर त्यानंतरचा, आणि शेवटचे १० ते १५ टक्के नेट मीटर लागून सिस्टीम चालू झाल्यावरच. हे करारात लिहून घ्या, विक्रेता आणि ग्राहक यांच्यातल्या कराराचा नमुना सूर्यघरच्या पोर्टलवरच आहे. शेवटचा हिस्सा हातात ठेवणं फार महत्त्वाचं आहे, कारण पॅनल लावून झाले की विक्रेत्याची माणसं पुढच्या साइटवर जातात आणि नेट मीटरसाठी महावितरणच्या ऑफिसात चकरा मारायला कुणी उरत नाही. पैसे बाकी असले की फोन उचलतात.

सगळं बँकेतून द्या, फर्मच्या खात्यावर, माणसाच्या नाही, आणि प्रत्येक वेळी पावती घ्या. कर्ज असेल तर बँक थेट विक्रेत्याला देते, तेव्हा "काम पूर्ण झालं" असा कागद सहीला आला तर खरंच पूर्ण झालंय का गच्चीवर जाऊन बघा आणि मगच सही करा. म्हातारी माणसं विश्वासाने करून टाकतात. बाबांना मी सांगूनच ठेवलं होतं की कुठलाही कागद आला तर आधी फोटो पाठवा.

पोर्टलवरची नोंदणी स्वतःच्या मोबाइल नंबरवर करा. विक्रेता म्हणतो मी करून देतो आणि स्वतःचा नंबर टाकतो, मग ओटीपी, मंजुरी, सबसिडीचं खातं, सगळं त्याच्या हातात. नोंदणीला पैसे लागत नाहीत. "सबसिडी मंजूर, प्रोसेसिंग फी भरा" असा मेसेज आला तर लिंक उघडायची नाही. अजून एक प्रकार सर्रास चालतो, विक्रेता म्हणतो तुम्ही १ लाख १७ हजारच द्या, ७८ चा पुढच्या तारखेचा चेक देऊन ठेवा, सबसिडी आली की मी टाकेन. माणूस चांगला असेल तर सोयीचं आहे, मी नाही म्हणत नाही, पण मग लेखी घ्या की सबसिडी खात्यात जमा झाल्याशिवाय चेक टाकणार नाही, कारण सबसिडी उशिरा आली आणि चेक परत गेला तर अडचण तुमची.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर गच्ची सगळ्यांची असते त्यामुळे एकट्याने लावायला सोसायटीची परवानगी लागते, त्यापेक्षा लिफ्ट, पाण्याची मोटर आणि पार्किंगच्या लाइटच्या सामायिक मीटरवर सोसायटीनेच लावलं तर बरं, त्याला किलोवॅटला १८ हजार सबसिडी आहे आणि मेंटेनन्समधली बचत सगळ्यांच्याच वाट्याला येते. सभेत ठराव करून घ्या.

मीटर लागल्यावर पहिली दोन बिलं मात्र डोळ्यात तेल घालून वाचा. आयात किती, निर्यात किती, पुढे ओढलेले युनिट किती, हे तिन्ही आकडे बिलावर दिसले पाहिजेत. दर महिन्याला एकाच तारखेला मीटरचा आणि इन्व्हर्टरच्या ॲपचा फोटो काढून ठेवायचा. आमच्या पहिल्या बिलात निर्यात शून्य दाखवली होती, फोटो होते म्हणून तक्रार करून पुढच्या महिन्यात दुरुस्त झालं. बिल शून्य येईल अशी अपेक्षा ठेवू नका, स्थिर आकार राहतोच. आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात जमा युनिट किती आहेत ते एकदा बघा, बरेच साठले असतील तर गिझर, इस्त्री, इंडक्शन, जे काही विजेवर करता येईल ते त्या महिन्यात करून घ्या. आई आता मार्चमध्ये कुरडयांचा चीक आणि पापडांची उकड इंडक्शनवरच शिजवते, गॅस वाचतो तो वेगळा.